'ऊठ' म्हणायचं राहून गेलं

लाखनीहून आत दोन कोसांवर, तलावाच्या पाळीखाली एक गाव आहे. तिथल्या चावडीच्या पडवीत बालवाडी भरते, आणि ती चालवते चंद्रकांताबाई. वय बावीस, अंगानं काडी, नाकात खडा. आणि आवाज? तो कोणता ते आधी सांगा. तिच्याजवळ पन्नास आहेत. कोतवालाची दवंडी काढते, आडून बसलेल्या बैलाचा हंबरडा काढते. एसटीचा कंडक्टर तर असा काढते, "मांगं सरका जी मांगं, मांगं का वाघ बसला हाय?", की पडवीतली पंधरा लेकरं खरोखरच मागं सरकतात आणि भिंतीला थडकून खिदळतात.

पण एक आवाज निघाला की कोणी खिदळत नाही. कोरडा, हळू, जरासा नाकातून आलेला, म्हातारीचा. त्यात एकच शब्द असतो.

"बस."

पंधराच्या पंधरा लेकरं बसतात. बाहेरून डोक्यावर पाण्याची गुंड घेऊन चाललेली बाई पदर सावरते आणि चाल वाढवते. आवाज कोणाचा, हे गावाला ठाऊक आहे. ती म्हातारी मरून अकरा वर्षं झाली.

त्याची गोष्ट चंद्रकांतेच्या भावापासून सुरू होते.

चंद्रकांतेच्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघंही महिना न भरता गेले. सत्तर साली तिची माय कलाबाई तिसऱ्यांदा बाळंत झाली तेव्हा मुलगा झाला म्हणून कोणी साखरसुद्धा वाटली नाही. सुईण होती रंभाबुढी, गावाच्या टोकाला एकटी राहणारी. तिनं पोराला पुसलं आणि सरळ सुपात ठेवलं. खाली मूठभर कोंडा, वर हा लाल गोळा. सूप उंबऱ्यावर ठेवून ती बाहेर जाऊन उभी राहिली, जशी काही आत्ताच रस्त्यानं आली.

"काय ठेवलं व सुपात?"

"कचरा हाय," आतून कलाबाई म्हणाली. तिचा आवाज रडका होता, पण शब्द ठरलेले होते.

"इकता का?"

"इकतो."

"एक कवडी देईन. जास्त नाई."

बुढीनं कवडी उंबऱ्यावर ठेवली. कलाबाईनं जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडली, तिला गाठ मारली आणि बुढीच्या हाती दिली. विकल्याची ती खूण. मरण दाराशी आलं तर त्याला दिसावं की हा या घरचा नाहीच, एका कवडीचा विकलेला माल आहे, यात काय घ्यायचं? पोर पाच वर्षांचं झालं की पायलीभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं, बुढीनं तीनदा "दिला" म्हणायचं, मायनं गाठ सोडायची. तोवर, बुढी म्हणाली तसं, "दूध तुमचं, झबलं तुमचं, पोट्टा माहा."

कवडी त्याच्या करगोट्यात ओवली. नाव पडलं कवडू.

सहा वर्षांची चंद्रकांता दाराआडून सगळं पाहात होती. दुसऱ्या दिवशी तिनं मांजराचं पिल्लू सुपात घालून बुढीची हुबेहूब नक्कल केली. बापानं, सेवकरामनं, पाठीत धपाटा घातला. घालून झाल्यावर स्वतःच तोंड फिरवून हसला.

कवडू जगला. नुसता जगला नाही, घरभर झाला. रांगायला लागला तो थेट चुलीकडे, चालायला लागला तो थेट बैलाच्या पायात. त्याला भाकर दिली तर अर्धी इथं, अर्धी अंगणात, आणि हा तिसऱ्याच घरी. बोलता बोलता शब्द तोंडात ठेवून निघून जायचा. माय ओरडायची, बाप ओरडायचा, शेजारी ओरडायचे, "कवडू! ए कवडू! अबे कवड्या!" दिवसातून दोनशे वेळा. तो वळायचासुद्धा नाही.

वळायचा फक्त रंभाबुढीकडे. ती दुपारची यायची, दारच्या खांबाला टेकून बसायची. ओरडायची नाही. तो आसपास घिरट्या घालत असला तर घालू द्यायची. मग जवळून गेला की त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणायची, "कवडू. बस." एवढंच. पुन्हा नाही म्हणायची, वाट पाहायची. आणि तो बसायचा. बसून झाला की म्हणायची, "ऊठ." तो सुटायचा.

"बुढीनं काहीतरी केलं हाय त्याच्यावर," बाया म्हणायच्या. "मालकीण हाय बाप्पा, तिचं नाई आयकन तं कोणाचं?"

पाचवं वर्ष सरलं. सेवकरामच्या मोठ्या भावानं, भैय्याजीनं, दिवस काढून दिला. गावचं देवपण, अंगारेधुपारे त्याच्याकडेच. आणि ऐन वेळी कलाबाई कचरली. दोन लेकरं मातीत ठेवून आलेली बाई. तिला वाटलं, लपलेलं आहे तोवर जिवंत आहे.

"बुढे, अजून एक साल राहू द्या न तुमच्याच नावानं."

रंभाबुढी तिच्याकडे पाहात राहिली. "दुसऱ्याच्या घरी लय दिवस ठेवलेलं भांडं मंग ओळखू येत नाई, कला."

"एकच साल."

"माहं काय? ठेव."

त्याच सालच्या धानकापणीत रंभाबुढी गेली. गाव शेतात होतं. दिवस कलल्यावर लोक परतले, तेव्हा ती आपल्या दारात खांबाला टेकून होती, डोळे उघडे. आणि तिच्यासमोर, मांडी घालून, कवडू. दुपारपासून कुणाला दिसला नव्हता. त्याच्या पायावरून मुंग्यांची रांग चालली होती, जमिनीवरून चढून, मांडीवरून, पलीकडे उतरून. तो हालला नाही.

"कवडू, ऊठ रे!"

"बुढीनं बस म्हटलं."

"मी म्हणतो ऊठ!"

"तिनं ऊठ नाई म्हटलं."

सेवकरामनं त्याला उचललं. पोराचे पाय तसेच, मांडी घातलेले, हवेत. घरी नेऊन ठेवलं तरी गुडघे सरळ व्हायला चूल विझेपर्यंत वेळ लागला.

आणि गाठ मारलेली चिंधी बुढीच्या घरात कुठं सापडली नाही.

त्या दिवसानंतर कवडू बसेना. आधी घरभर होता, आता गावभर झाला. शहात्तर साली शाळेत घातला, तर महिन्याभरात यादोराव गुरुजी घरी आले. गुरुजींचं बोलणं म्हणजे प्रत्येक शब्दाआधी घसा साफ. "सेवकराम, तुझा पोट्टा, अंह्ं, हुशार आहे. पण तो, अंह्ं, वर्गात नसतो. असतो तेव्हाही, अंह्ं, नसतो." चंद्रकांतेला हसू आवरेना, ती आत पळाली. पुढचं वाक्य तिनं आतूनच ऐकलं आणि हसू तिथंच राहिलं. "मधेच मान वळवतो. खिडकीकडे पाहून म्हणतो, हो, आलो. आणि निघून जातो. मी पाहिलं, अंह्ं, खिडकीत कोणी नसतं."

ते घरीही होत होतं. जेवता जेवता घास हातात, मान टोकाकडच्या रिकाम्या घराकडे, "हो, आलो." कलाबाईच्या हातातला गंज खाली पडायचा. गावानं निकाल लावून टाकला. पोट्टा बुढीचाच राहिला, परत घेतला नाही, बुढी बलावते. लोक त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला लागले. सहा वर्षांच्या पोराला पाहून मोठी माणसं बाजूला व्हायची. पण ओरडायचं कोणी थांबवलं नाही. "कवडू! अबे कवडू!"

चंद्रकांतेचं काम एकच, त्याला धरून ठेवणं. मायच्या लुगड्याचा काठ त्याच्या कमरेला, दुसरं टोक हिच्या मनगटाला. मनगटावर वळ उठले होते.

रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. भर दुपार. गावात एक म्हातारं कुत्रं सोडलं तर कोणी नाही, लांब धानाच्या बांध्यांमधून रोवणाऱ्या बायांची गाणी येत होती, तीही तुटक. चंद्रकांतेनं पाणी प्यायला गाठ सैल केली आणि कवडू गेला. ती पाळीवर पोचली तेव्हा तो तुडुमाच्या दगडांवर पालथा पडला होता. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायची दगडी मोरी. बूच काढलेलं होतं, खाली पाणी गोल गोल फिरून आत ओढलं जात होतं. कवडूचा एक हात दगडांच्या फटीत, डोकं पाण्यावर लोंबतं.

"कवडू!" ती ओरडली. तो आणखी पुढं सरकला. "कवडूऽ!" आणखी. ती जितकी ओरडे तितका तो पुढं. जवळ धावली तर तो दचकून पडेल. ती जागीच थांबली, आणि तिच्या तोंडातून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"कवडू. ये."

कोरडं, हळू, नाकातून.

तो थांबला. मागं सरकला, उठला, दगडांवरून एक एक पाऊल टाकत तिच्याजवळ आला. तोंड उजळलेलं.

"बुढी कुठी हाय?"

"नाई बा इथी."

"हाय," तो म्हणाला. तो तिच्याकडे पाहात नव्हता. तिच्या डाव्या खांद्याच्या मागं पाहात होता.

चंद्रकांतेनं मागं वळून पाहिलं नाही. घरी येईपर्यंत नाही पाहिलं.

पण आवाज तर हाताशी आला होता. बारा वर्षांची पोरगी, ती काय तो टाकून देते? कोणी नसलं की वापरायची. गुडघ्यावर हात, "कवडू. जेव." तो जेवायचा. "कवडू. पाटी." तो अ काढायचा, आ काढायचा, इ पर्यंत जायचा. बुढीसारखंच एका वेळी एकच सांगायचं, दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. तिला मजा वाटायची. प्रत्येक वेळी तो खांद्यामागं पाहायचा, तेवढं सोडून.

पोळ्याच्या पंधरा दिवस आधी शहापूरची आत्या आली, सत्यभामाबाई. सोबत तिची मोठी पोरगी चंद्रकला. सोळा वर्षांची. दोन वर्षांआधी ही पोरगी आली होती तेव्हा तिनं कौलावर चढून अर्धी कौलं फोडली होती आणि चंद्रकांतेला सुरपाखरू खेळताना दमवून टाकलं होतं. आता ती ओसरीवर बसली. म्हणजे बसवली, आणि बसली.

"बाई बाई बाई," आत्या श्वास आत ओढत म्हणाली. तिचं प्रत्येक बोलणं असं सुरू व्हायचं. "पाहा न वहिनी! कशी गुमान बसते! नदीपलीकडच्या देवाच्या ठाण्यावर ठेवली. पायात साकळी, चाळीस दिवस. पयले पयले बोंबलली. मंग सारं उतरलं. आता सांगा, हिच्यासारखी पोट्टी हाय का शहापुरात?"

चंद्रकांता चंद्रकलेजवळ गेली. तिनं बैल काढला, कंडक्टर काढला, आत्याचंच "बाई बाई बाई" काढलं. चंद्रकला समोर पाहात होती. तिच्या घोट्याभोवती कातडी काळी, चकचकीत झाली होती, बांगडीएवढी रुंद. एक माशी तिच्या गालावर बसली, चालत चालत डोळ्याच्या कोपऱ्याशी आली, पापणीच्या कडेवर थांबली.

चंद्रकलेनं ती हाकलली नाही.

माशी तिथं पाणी पीत होती. शेवटी चंद्रकांतेनंच हात हलवला.

ओसरीवर भैय्याजी सुपारी कातरत होता. "आता मी काय जास्त बोलत नाई," तो म्हणाला. हे म्हटलं की तो तासभर बोलायचा. "पण इलाज डोळ्यासमोर हाय. पोट्ट्याची मालकीण मेली, मालक नसलेल्या जनावराले खुंट्याले बांधावंच लागते. पोळा होऊ दे. दुसऱ्या दिवशी मारबत काढते गाव, इडापिडा बाहेर टाकते. त्याच दिवशी याले ठाण्यावर नेऊ. सेवकराम, काय म्हणतं?"

सेवकराम उठून बैलाला वैरण टाकायला गेला. कलाबाईनं मान खाली घातली. ती मान हो म्हणत होती.

पुढल्या दुपारी परसात चंद्रकांता कवडूला भाकर भरवत होती. "कवडू. जेव." मागं काहीतरी हललं. माय उभी होती, हातातली विळी तशीच.

"चंद्री. कोण बोललं?"

खरं सांगितलं तर नक्कल होती. नकलेला थापड मिळते, आणि भाऊ साखळीला जातो. चंद्रकांतेनं कवडूकडे पाहिलं. त्याच्या ओठावर भाकरीचा तुकडा होता, आणि माशी.

"बुढी," ती म्हणाली. "माह्या तोंडून बोलते ती."

माय भुईवर बसली. मग तिनं जे म्हटलं ते चंद्रकांतेच्या ध्यानीमनी नव्हतं. "मंग तिले म्हण न, माहा पोट्टा परत दे. कोंडा देतो, पायली नाई, पोतं देतो."

भैय्याजीनं ऐकून घेतलं. पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची सोंगं त्याला माहीत होती, त्याचंही ती काढायची. "अस्सं? मालकीण हजरच हाय म्हणाची. आता मी काय जास्त बोलत नाई. पण खरी बुढी असंल तं गाठ कुठी ठेवली ते सांगंल. पोळ्याच्या आदल्या दिवशी, तिच्याच दारात, बारा वाजता. गाठ निघाली तं पोट्टा तुमचा. नाई निघाली, तं सोंग समजीन, आणि ठाणं हायच."

चंद्रकांतेला गाठ कुठं आहे ते माहीत नव्हतं.

त्याच्याही आदल्या दिवशी दुपारी ती रंभाबुढीच्या घरात शिरली. वर्षभर कोणी गेलं नव्हतं. चुलीमागं हात घातला, कोठीच्या खाली, छपराच्या कवेलूंच्या फटीत, रांजणात. कोळिष्टकं, कोंडा, उंदराच्या लेंड्या. ती दारापर्यंत परत आली, खांबाजवळ.

"बस."

तिनं तोंड उघडलेलं नव्हतं.

आणि ती बसली. गुडघे आपोआप दुमडले. समोर अंगणात खांबाची सावली तिच्या पायाच्या अंगठ्याशी होती. उठावं म्हणून तिनं मनात शंभरदा म्हटलं. पाय ऐकेनात. भीती वाटत होती असंही नाही, आणि तेच वाईट होतं, फार बरं वाटत होतं. सावली सरकत सरकत तिच्या पोटरीवरून गेली, दुसऱ्या अंगाला पोचली. पाळीवर कुणाचा तरी बैल हंबरला. हजारदा काढलेला तो हंबरडा. नुसत्या सवयीनं तिनं उत्तरादाखल तोंडातून तसाच आवाज काढला, आणि अंग सुटलं. ती पळाली ती घरी येऊन मायच्या पाठीला चिकटली.

तेव्हा तिला कळलं, कवडू त्या दिवशी तिथं कसा बसला असेल ते.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बुढीच्या अंगणात गाव जमलं. सूप मांडलं, पायलीभर कोंडा. चंद्रकांतेला खांबाशी बसवलं, डोक्यावरून मायचं लुगडं. आतून तिला फक्त सगळ्यांचे पाय दिसत होते आणि कवडूचे, जे एका जागी नव्हते.

"बुढे, हाय का?" भैय्याजी.

"हाव." आवाज बरोबर निघाला. बायांमधून एक हुंकार गेला.

"गाठ कुठी ठेवली?"

लुगड्याच्या आत घाम नाकावरून ओठावर आला. चुलीत नाही, कोठीत नाही. काहीही सांगितलं तरी लोक जाऊन पाहतील. तिला बुढी आठवली, ती कधी स्वतः काही आणायची नाही. पोरालाच सांगायची.

"कवडू," ती म्हणाली. "माही गाठ आण."

आणि गप्प राहिली. पुन्हा म्हटलं नाही.

कवडूचे पाय थांबले. मग ते घरात न जाता अंगणाबाहेर गेले, पळत.

"गेला," भैय्याजी म्हणाला. "मी म्हटलंच होतं." कोणीतरी हसलं. "अंह्ं," यादोराव गुरुजींचा घसा. कलाबाईची पावलं सुपाजवळ एकमेकांवर घासत होती. जो पोरगा विहिरीवर गेला तर बादली विसरायचा, तो काय आणणार होता? वेळ गेला. कुणी तरी म्हणालं, बैल धुवायचे आहेत. दोन पाय निघूनही गेले.

मग ओली पावलं आली. कमरेपर्यंत भिजलेला कवडू, आणि त्याच्या मुठीत काळी, शेवाळलेली चिंधी. गाठीसकट.

"तुडुमाच्या दगडात होती," तो धापा टाकत म्हणाला. "बुढीनं मलेच ठेवाले लावली होती. म्हणे माय आली नाई तं पाण्यानं कुजते. मंग आपोआप सुटते."

लुगड्याच्या आत चंद्रकांतेच्या डोळ्यापुढं तो दिवस आला, दगडांवर पालथा पडलेला भाऊ, फटीत घातलेला हात. त्याला पाण्यात पडायचं नव्हतं. तो गाठ पाहायला गेला होता, सुटली का म्हणून.

"कवडू. बस," ती म्हणाली. तो सुपाशेजारी बसला, मांडी घालून.

"पोट्टा दिला?" भैय्याजीचा आवाज आता बारीक झाला होता.

"दिला."

"पोट्टा दिला?"

"दिला."

"पोट्टा दिला?"

तिनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटलेली. हवासुद्धा बाहेर येईना.

"दिला."

स्वच्छ ऐकू आलं. तिच्या डाव्या खांद्यामागून, खांबाकडून. लुगडं सरकवून तिनं पाहिलं तर कवडू तिच्याकडे पाहात नव्हता. खांबाकडे पाहात होता, आणि हसत होता, कोणाला निरोप देताना हसावं तसा.

"आता मी काय..." भैय्याजी म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा पुढं काहीच बोलला नाही.

कलाबाईनं गाठीला हात लावला. सोडावी लागलीच नाही. कुजलेली चिंधी बोटातच निघून आली.

"झालं. चाल कवडू," सेवकराम म्हणाला.

कवडू बसून राहिला.

"ऊठ रे!" "अबे ऊठ!" "कवडूऽ!" सगळं अंगण ओरडलं. एक मुंगी त्याच्या पायाच्या बोटावर चढली. मागून दुसरी. कलाबाईनं पोरीकडे पाहिलं. "चंद्री, ऊठ म्हण न त्याले. तिच्या आवाजात म्हण." चंद्रकांतेनं प्रयत्न केला. बारा वर्षांच्या पोरीचा आवाज निघाला, चिरका, स्वतःचा. बुढीचा आवाज तिच्या गळ्यात नव्हता. कुठंच नव्हता.

"चूप राहा सारे," कलाबाई म्हणाली. जन्मात कधी ती गावासमोर असं बोलली नव्हती. ती पोराच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा. मुंग्या हातानं झटकल्या. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सहा वर्षं त्याच्या नावानं ओरडून बसलेला तिचा गळा, त्यातून तिनं हळू शब्द काढला.

"कवडू. ऊठ."

आणि वाट पाहिली.

त्यानं मान वळवली. "तू म्हणून राहिली?"

"मी म्हणतो. माय."

तो उठला. उठला तसा सुटला, सूप लाथेनं उडालं, कोंडा भैय्याजीच्या धोतरावर, आणि पोरगं पाळीच्या दिशेनं पसार. सेवकराम मागं धावायला लागला. कलाबाईनं त्याचा सदरा धरला.

"पळू द्या न. आपला हाय. आपला पळून राहिला."

साखळी आली नाही. पण कवडू बदलला असं कोणी समजू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही खिडकीतून जास्त. पंधराव्या वर्षापर्यंत त्यानं सात धंदे धरले नि सोडले. आता तो लाखनीच्या एका ट्रकवर क्लीनर आहे, ट्रक पळतो तोवर बसतो. घरी आला की उभ्यानं जेवतो, तीन वाक्यं एकदम बोलतो, मधेच मान वळवून "हो, आलो" म्हणतो. चंद्रकांता म्हणते, ज्या लेकराच्या नावानं दिवसाला दोनशेदा ओरडलं, त्याला कोणी नसतानाही ऐकू येणारच. असं म्हणते, आणि तो ज्या बाजूला पाहतो तिकडं स्वतःही एकदा पाहून घेते.

तिचं लग्न गावातच झालं. अंगात बुढी येणारी पोरगी बाहेरगावचं कोण करतो? चहाच्या हॉटेलवाल्या बाबूलालला दिली. त्याला भुतापेक्षा दूध फाटायची भीती जास्त. तिचा तो आवाज नऊ वर्षं आलाच नाही. बालवाडीच्या पहिल्या दिवशी एक मुलगी भिंतीवर चढली, तिची माय दाराशी दोरी घेऊन उभी, "बाई, हिले खांबाले बांधून देऊ का?" आणि चंद्रकांतेच्या तोंडून आपोआप ते निघालं. "बस." तेव्हापासून बालवाडी सुटताना ती एकेका लेकरासमोर बसते, गुडघ्यावर हात ठेवते, नाव घेते आणि म्हणते, "ऊठ." पंधरा लेकरं, पंधरा वेळा. बाया कुरकुरतात, उशीर होते. ती एकालाही सोडत नाही.

मागल्या उन्हाळ्यात ती शहापूरला गेली. आत्या म्हातारी झाली होती. "बाई बाई बाई, ये व." ओसरीवर चंद्रकला बसली होती, सव्वीस वर्षांची, केस विंचरलेले, हात मांडीवर. बसवलं तिथं. चंद्रकांतेनं चहा घेतला नाही. ती सरळ तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. गुडघा थंड होता. भर दुपार होती, ओसरीच्या खांबाची सावली दोघींच्या मधून गेली होती.

"चंद्रकला," तिनं म्हटलं. आवाज म्हातारीचा निघाला. आत्यानं तोंडावर पदर घेतला. "ऊठ."

आणि वाट पाहिली. सावली एक बोटभर सरकली.

चंद्रकला उठली नाही. एक माशी तिच्या गालावरून चालत डोळ्याच्या कोपऱ्याशी आली, पापणीवर थांबली. चंद्रकांतेनं आपला हात घट्ट धरून ठेवला.

मांडीवरची बोटं हालली. चंद्रकलेनं हात उचलला, हळूहळू, जसा कुणा दुसऱ्याचा आहे, आणि माशी उडवली.